‘लक्ष ठेवावे’चा शिक्का

माझ्या नोकरीच्या काळात परळ, लालबाग आणि दादरच्या मांजरांनी जो उच्छाद मांडला होता, त्याची नोंद महापालिकेच्या कुठल्याही खात्यात सापडणार नाही. ती फक्त माझ्याकडे आहे. चौदा-पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली आईबापांबरोबर यायची, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. हातावरच्या खुणांबद्दल विचारलं की आई घाईघाईनं सांगायची, “मांजरानं ओरबाडलं.”

“घरात मांजर आहे?”

“नाही, चाळीतलं आहे.”

“नाव काय त्याचं?”

इथे आई नवऱ्याकडे बघायची आणि नवरा भिंतीवरच्या क्षयरोगाच्या पोस्टरकडे. चाळीतल्या मांजराला नाव नसतं, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही. माझा जन्म गिरगावातला; आमच्या मजल्यावर दोन मांजरं होती आणि त्यांना आडनावंसुद्धा होती. पण मी पुढे काही बोलायचे नाही. रजिस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘मां.’ असं लिहून ठेवायचे. त्याचा अर्थ फक्त मला ठाऊक होता: या घराला खरं बोलायची सवय नाही, इथे वेळ जास्त लागणार.

मी एकतीस वर्षं परळच्या एका महापालिका रुग्णालयात, मानसोपचार विभागात, वैद्यकीय समाजसेविका होते. ‘समाजसेविका’ या शब्दानं मला जितका त्रास दिला, तितका एकाही रुग्णानं दिला नाही. “म्हणजे तुम्हाला पगार मिळतो?” हा प्रश्न मला लग्न ठरवायला आलेल्या मंडळींनी विचारला होता आणि निवृत्तीच्या समारंभात एका कनिष्ठ लिपिकानंही विचारला. नातेवाइकांच्या मते माझं काम म्हणजे त्यांच्या ओळखीच्यांना एमआरआयचा नंबर लवकर लावून देणं. ते मी कधीच केलं नाही, त्यामुळे नातेवाइकांत माझी अकार्यक्षम म्हणून ख्याती आहे.

खरं काम सांगायला सोपं आहे. डॉक्टर माणसाला तपासतात, मी त्याचं घर तपासायचे. ओपीडीत डॉक्टरांना एका पेशंटमागे सात-आठ मिनिटं मिळतात. तेवढ्यात गोळी ठरते. ती गोळी ज्या घरात जाऊन गिळायची, ते घर कसं आहे हे कुणीतरी विचारायला लागतं. त्यासाठी मला प्लायवूडची एक खोली दिली होती. तिच्या भिंती छतापर्यंत पोहोचत नव्हत्या, पण दारावर ‘गोपनीय’ अशी पाटी मात्र होती.

आधी सगळ्यांना एकत्र बसवायचं. कोण कुठे बसतं, कोण कुणाच्या वतीनं बोलतं, ते बघायचं. मी मुलाला नाव विचारलं आणि आईनं सांगितलं, की माझं निम्मं काम झालेलं असायचं. मग मूल एकटं, मग आईबाप. मुलाला मी सरळ विचारायचे, स्वतःला इजा करावीशी वाटते का, जगणं नको वाटतं का. यावर आईबाप हादरायचे. “असं विचारू नका हो मॅडम, डोक्यात नसेल तर यायचं.” विचारल्यानं डोक्यात काही येत नाही. असलं तर बाहेर येतं. बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर मला त्या प्रश्नानंतर सुटकाच दिसली आहे. इतके दिवस कुणीतरी विचारेल म्हणून ती थांबलेली असत, आणि घरात सगळे जण टक्केवारी विचारत असत.

“अटेन्शनसाठी करते, मॅडम,” हे दुसरं आवडतं वाक्य. “मग द्या ना थोडं, रेशनवर मिळतं का?” असं मी म्हणायचे. ते त्यांना आवडायचं नाही. खरं म्हणजे बहुतेक मुलं ते नाटक म्हणून करत नाहीत. आत साचलेलं असह्य होतं, बोलायला शब्द नसतात आणि ऐकायला माणूस नसतो, म्हणून करतात. आज मरायचं नसलं तरी उद्याचं कुणी सांगू शकत नाही, म्हणून त्यातली एकही गोष्ट किरकोळ समजायची नाही. हे सगळं समजावून झालं की वडील गंभीरपणे मान हलवायचे आणि विचारायचे, “म्हणजे मोबाइल बंद करू ना?” मला त्या यंत्राची शेवटी शेवटी कीव यायला लागली होती.

चाळीतली माणसं अडाणी म्हणून असं होतं, असा कुणी समज करून घेऊ नये. दादरचं एक जोडपं मुलाला घेऊन आलं ते रंगीत खुणा लावलेली फाइल घेऊनच. वडील ठिकठिकाणी पालकत्वावर व्याख्यानं द्यायचे. “आमच्याकडे सगळं ओपन आहे,” ते म्हणाले. “दर रविवारी सकाळी फॅमिली मीटिंग असते. तो काहीही सांगू शकतो.” मुलगा सोळा वर्षांचा. एकटा असताना मी विचारलं, “खरंच काहीही सांगता येतं?”

“येतं ना,” तो म्हणाला. “पण मग त्याची मीटिंग होते.”

त्यानं एकदा सांगून पाहिलं होतं की सकाळी उठावंसंच वाटत नाही. पुढच्या रविवारी तो विषय क्रमांक दोनवर होता आणि त्यापुढच्या रविवारी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. त्यानंतर तो कशाबद्दलच बोलला नाही. मी मीटिंग बंद करायला सांगितल्या. “किती आठवडे? लेखी द्याल का?” वडिलांनी विचारलं. मी लेखी दिलं. मुलगा गोळ्यांनी आणि आठवड्यातून एकदा माझ्या केबिनमध्ये बसून, हळूहळू का होईना, सावरला. पुढे त्याच्या वडिलांनी ‘घरातील संवादाचा अतिरेक’ या विषयावर व्याख्यान दिल्याचं कानावर आलं.

हसायला मला काही हक्क नाही. माझ्या हातून झालं ते याहून वाईट होतं.

ओपीडीच्या दिवशी माझ्याकडे इतके कागद यायचे की तेच ते लिहून बोटं दुखायची. प्रत्येक केसपेपरवर शेवटी पालकांसाठी सूचना लिहायची असते. म्हणून मी स्वखर्चानं गिरगावातल्या एका गल्लीतून रबरी शिक्का बनवून घेतला: ‘पाल्यावर सतत लक्ष ठेवावे. एकटे सोडू नये.’ जांभळी शाई, ठळक अक्षर. माझ्या पदवीचा नव्हता इतका अभिमान मला त्या शिक्क्याचा होता. विभागातल्या नव्या मुली तो उसना न्यायच्या. विभागप्रमुखांनी एकदा सगळ्यांसमोर त्याचं कौतुकही केलं. तो मी किती वर्षं आणि किती कागदांवर उमटवला, हे मोजायची मला हिंमत नाही.

निधी परबच्या कागदावरही तो उमटला.

निधी लालबागच्या चाळीतली, बारावीत शिकणारी, इंग्रजी माध्यमाची. वडील सूर्यकांत परब लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. त्यांच्या वडिलांनी ज्या गिरणीत आयुष्य काढलं, तिच्या जागेवरच्या टॉवरमधली लिफ्ट बंद पडली की ती चालू करायला हे जायचे. आई वैशाली घरी मसाला करून विकायची. पहिल्या दिवशी निधीबरोबर दोघंही आले होते. मांजर झालं, मोबाइल झाला. मी विचारलं, “घरात काही ताण?”

“आमच्या घरात कधी भांडण नाही, मॅडम,” परब म्हणाले. “चाळीत कोणाला पण विचारा. दोन वर्षांत आवाज चढलेला नाही.”

मी लिहिलं, ‘घरात भांडणे नाहीत.’ आणि इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईनं ते चांगलं लक्षण म्हणून लिहिलं. बाहेर चाळीस माणसं उभी होती. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या होत्या, पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती. मी शिक्का मारला, कागद परबांच्या हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या आठवड्याची तारीख चुकली. पंधरा दिवसांनी परब आले ते निधीला आणि बाळा सावंतांना घेऊन. सावंत चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते. साठीचे, कपाळावर गंध, खिशात दोन पेनं. निधीच्या हाताला नवीन पट्टी होती. सावंतांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला.

“मॅडम, तुम्ही लिहिलंत ना, सतत लक्ष ठेवावे, एकटे सोडू नये. आम्ही एक मिनिट सोडलेली नाही. हे बघा.”

मोबाइलवर ‘निधी ड्युटी’ नावाचा ग्रुप होता. त्यात पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी अशी वाटणी केलेली होती. गिरण्या जाऊन जमाना झाला, पण लालबागच्या माणसाला काम नीट करायचं म्हटलं की पाळ्याच सुचतात. प्रत्येक पाळीला एक मुख्य आणि एक राखीव. गणपतीच्या रांगेला स्वयंसेवक लावतात तसे मजल्याच्या दोन्ही टोकांना माणूस. मुलगी सार्वजनिक संडासात गेली तर बाहेर एक काकू उभी, आणि ती दर मिनिटाला दार वाजवणार. घरातल्या सगळ्या धारदार वस्तू शेजारी नेऊन ठेवलेल्या, विळीसुद्धा. मालवणी घरात पंधरा दिवस विळी नाही म्हणजे ना नारळ खवता येतो ना मासळी कापता येते, पण वैशालीताईंनी चकार शब्द काढला नव्हता.

“एवढं करून माने काकूंच्या पाळीत झालं,” सावंत म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. “काकू रडून रडून बेजार आहेत. त्या म्हणतात, माझं नाव काढा.”

मला हसू आलं नाही. टॉवरमध्ये शेजारी कोण राहतो हे कळायला पोलीस यावे लागतात. इथे एका मुलीसाठी सव्वीस माणसांनी आपल्या झोपेची आणि जेवणाची वेळ दिली होती. माझ्या कागदावर जे लिहिलं होतं, ते त्यांनी अक्षरशः केलं होतं.

डॉक्टरांनी निधीला वॉर्डात दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेशी जाऊन बसले. तिनं उशीखालून तिचा केसपेपर काढला आणि त्या जांभळ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“मॅडम, माझं मराठी वीक आहे,” ती म्हणाली. “लक्ष ठेवणं आणि लक्ष देणं सेम असतं का?”

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच शंका होती. मी जन्मभर मराठी बोललेली बाई. लक्ष चोरावर ठेवतात, उतू जाणाऱ्या दुधावर ठेवतात, बाहेर काढून ठेवलेल्या चपलांवर ठेवतात. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “सेम नसतं. माझं चुकलंय.”

“सगळे बघतात मला,” ती म्हणाली. “माने काकू, सावंत काका, सगळे. छान आहेत ते. पण कोणी बोलत नाय. म्हणजे, ड्युटीवर आहेत ना.”

“आणि मम्मी-पप्पा?”

“त्यांची ड्युटी वेगवेगळी असते. तेच बरं पडतं.”

का बरं पडतं, ते तिनं सांगितलं नाही. ते मला चार वाजता कळलं, भेटीच्या वेळेत. खाटेच्या एका बाजूला परब उभे होते, दुसऱ्या बाजूला वैशालीताई. मध्ये निधी. मी शेजारच्या खाटेवरच्या आजींशी बोलत होते.

“निधी, मम्मीला विचार, पाण्याची बाटली आणली काय,” परब म्हणाले.

“पप्पांना सांग, डोळे देवानं दिलेत तर पिशवीत बघा म्हणावं.”

“पप्पा, पिशवीत आहे,” निधी म्हणाली.

तीन फुटांची खाट. दोघांना एकमेकांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. तरी दोघंही निधीच्या तोंडून ऐकेपर्यंत थांबत होते. आणि ती नुसता निरोप पोहोचवत नव्हती. त्यातला विखार गाळून पोहोचवत होती. आजारी, अंगात उठायचं त्राण नसलेली मुलगी ते काम इतक्या सराईतपणे करत होती की मला क्षणभर तिथून निघून जावंसं वाटलं. ‘घरात भांडणे नाहीत’ असं जिनं लिहिलं, तिला फार शरम वाटली.

भेटीची वेळ संपल्यावर मी निधीला विचारलं, “हे कधीपासून?”

“दहावीच्या प्रिलिमपासून.”

मग एकेक शब्द तुटत तुटत तिनं सांगितलं. तिच्या आईचे वडील देवगडला आजारी होते. एके संध्याकाळी मामाचा फोन परबांना आला, की आजोबांचं काही खरं नाही, ताबडतोब निघा. दुसऱ्या दिवशी निधीचा गणिताचा पेपर होता. घरात रडारड झाली तर पोरीचा पेपर जाईल म्हणून परबांनी बायकोला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी निधी पेपर देऊन घरी आल्यावर सांगितलं. वैशालीताई गावी पोहोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्या त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोललेल्या नव्हत्या. परबांनीही, समजूत काढायची कशी हे न कळून, बोलणं सोडलं. दहा बाय पंधराच्या खोलीत दोन माणसांनी दोन वर्षं एकमेकांशी न बोलता संसार केला, आणि मध्ये ही.

“पण यात तुझा काय दोष?” मी विचारलं.

“माझा पेपर होता ना,” ती म्हणाली. “त्याच्यात मला अडतीस मिळाले, मॅडम. ऐंशीपैकी.”

या धंद्यात तोवर मी कधी पेशंटसमोर डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. त्या दिवशी आणलं, आणि ते तिला दिसलंही.

जरा वेळानं मी विचारलं, “हे मी तुझ्या आईबाबांना सांगू?” तिनं खूप विचार केला.

“तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “मी आता नाय सांगणार कोणाचं कोणाला.”

दुसऱ्या दिवशी मी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. निधीला वॉर्डातल्या मावशींकडे सोपवलं होतं. मोठ्या आत्मविश्वासानं मी सुरुवात केली, की तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोला.

“मॅडम, ह्यांना सांगा,” वैशालीताई म्हणाल्या, “की मला बोलायला लावू नका.”

“मॅडम, हिला सांगा,” परब म्हणाले, “की मी काय मुद्दाम नाय केलं.”

आणि मी, प्रशिक्षित बाई, सांगायला लागले. यांचं त्यांना, त्यांचं यांना. अर्ध्या तासानं माझं डोकं ठणकायला लागलं आणि माझ्या लक्षात आलं की मीही निरोप मऊ करून देते आहे. त्या म्हणाल्या होत्या, “हा माणूस माझ्या बापाच्या मरणाचा हिशेब गणितात करतो.” मी परबांना सांगितलं होतं, “त्यांना वाईट वाटलंय.” मी अर्ध्या तासात थकले. निधीनं दोन वर्षं काढली होती, शिवाय कॉलेज आणि क्लास.

मी थांबले. म्हटलं, “आता तुमचे निरोप बंद. मी निधीचा निरोप देते.” आणि तिनं सांगितलं तसं सांगितलं. अडतीस मार्कांसकट.

दोघांनाही ते माहीत नव्हतं. हे खरं वाटणार नाही, पण नव्हतं. आपण मुलीला या भांडणापासून लांब ठेवलंय अशीच दोघांची समजूत होती, कारण तिच्यासमोर कुणी आवाज चढवला नव्हता. मग वैशालीताई हळूहळू वळल्या. माझ्याकडे नव्हे, नवऱ्याकडे.

“माझो बापूस होतो तो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माका सांगूक व्हया होता.”

“चेडवाचो पेपर होतो,” परब म्हणाले. “माका काय सुचाक नाय.”

“माका इचारूक व्हया होता. मी रडलंय नसतंय. तोंडात पदर कोंबून गेलंय असतंय, पण गेलंय असतंय.”

मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. त्याचा उपयोग काहीच नव्हता. भिंती छतापर्यंत नसल्यामुळे त्या दिवशीच्या अख्ख्या ओपीडीनं परबांचं भांडण ऐकलं. दारावरची ‘गोपनीय’ पाटी पाठीशी घेऊन मी वीस मिनिटं उभी राहिले. आवाज चढले, उतरले, पुन्हा चढले. मध्ये एकदा परब म्हणताना ऐकू आले, “माझा चुकला.” त्यावर वैशालीताई जे म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही.

मग त्यांनीच निधीला बोलवायला सांगितलं. आईनं तिचा पट्टीचा हात दोन्ही हातांत धरला. “तुझ्या पेपराचो काय एक संबंध नाय, बाय. मी ह्यांच्यावर रागावलंय. तुझ्यावर कधीच नाय.” परब मान खाली घालून म्हणाले, “राग काढायचा तर माझ्यावर काढ तू पण.” निधीला त्या क्षणी रडू वगैरे कोसळलं असं मला लिहिता आलं असतं, पण ती फक्त म्हणाली की तिला झोप येतेय.

यानंतर सगळं आलबेल झालं असंही नाही. दिवाळी अंकातल्या बाया एका वाक्यात बऱ्या होतात, वॉर्डातल्या होत नाहीत. गोळ्या कित्येक महिने चालल्या. दर आठवड्याला ती येत राहिली. बारावीचं वर्ष गेलं. तीन महिन्यांनी एकदा पुन्हा हातावर पट्टी दिसली. त्या वेळी मात्र तिनं करण्याआधी आईला हाक मारली होती, आई लगेच उठली होती, पण थोडा उशीर झाला होता. आमच्या धंद्यात त्याला सुधारणा म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते समजावणं कठीण आहे.

मधल्या काळात मी लालबागला गृहभेटीला गेले आणि सावंतांना ग्रुप बंद करायला सांगितलं. ते दुखावले. “मग आम्ही काय करायचं, मॅडम?” मी सांगितलं, धोक्याचे दिवस असतात तेव्हा एकटं सोडायचं नाही, हे खरंच आहे. पण तिच्यावर नजर ठेवून उभं राहू नका, तिच्याजवळ बसा. तिला तुमच्या मंडळाची वर्गणीची वही लिहायला द्या, माने काकूंना मोबाइल शिकवायचं काम तिला सांगा, पत्ते खेळा, हरा. ती बोलली तर मध्ये उपदेश करू नका. सावंतांनी खिशातलं एक पेन काढून सगळं नीट लिहून घेतलं. मग विचारलं, “पत्ते किती वाजता?” त्यांना मी वेळ सांगितली नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटत असावं.

शिक्का मी त्याच आठवड्यात कपाटात टाकला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत सूचना हातानं लिहिल्या, प्रत्येकाला वेगळ्या, आणि बोटं दुखली तर दुखू दिली. पण त्याआधीचे सगळे कागद रुग्णालयाच्या तळघरात आहेत. त्यातल्या काही मुलांनी पुढच्या तारखेला तोंड दाखवलं नाही. त्यांचं काय झालं हे मला माहीत नाही, आणि काहींचं माहीत आहे. त्याबद्दल मी लिहिणार नाही. निवृत्तीच्या भाषणात मला ‘शेकडो घरं सावरणाऱ्या’ म्हटलं गेलं तेव्हा मी खाली बघत होते. लोकांना तो विनय वाटला.

निधीला शेवटची पाहिली ती माझ्या निवृत्तीच्या जरा आधी. आता ती महिन्यातून एकदाच यायची आणि डॉक्टर गोळ्या कमी करत आणत होते. सकाळी मी ओपीडीत शिरले तर कॉरिडॉरमध्ये ही आरडाओरड. परब आणि वैशालीताई समोरासमोर उभे राहून भांडत होते. या गणपतीला देवगडला वैशालीताईंच्या माहेरी जायचं की मालवणला परबांच्या गावी, असा काहीतरी वाद होता. परब हात नाचवून बोलत होते, वैशालीताई एकाला चार ऐकवत होत्या, आणि आजूबाजूचे पेशंट आपापली दुःखं विसरून ऐकत होते. सुरक्षारक्षक काठी आपटत आला. मी त्याला हातानंच थांबवलं. म्हटलं, राहू दे, फार दिवस गप्प होते.

निधी थोड्या अंतरावर बाकावर बसली होती. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस. जुन्या खुणा दिसत होत्या आणि तिनं त्या लपवल्या नव्हत्या. ती केळं सोलत होती. मी जवळ गेले.

“काय ग, कशावरून चाललंय?”

तिनं मान वर करून आईबापांकडे एकवार पाहिलं आणि खांदे उडवले.

“काय माहीत, मॅडम. माझ्याकडे निरोप नाय आज,” ती म्हणाली, आणि बाजूला सरकून तिनं मला जागा करून दिली. “बसा. त्यांना वेळ लागेल.”